शहरात राहावं की उपनगरात? आधी घरातल्या प्रत्येकाची मिनिटं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही नोकरी करता, मुलगी चार वर्षांची, सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सध्या शहराच्या मध्यभागी दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे आणि दोघांनाही कामावर पोचायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. आता उपनगरात चार खोल्या, गच्ची, समोर झाडं असं घर पाहून आलात. हप्ता सध्याच्या भाड्यापेक्षा कमी बसतो आणि विकणारा म्हणतो, ‘शहर इथून चाळीस मिनिटांवर’. घ्यावं का, आणि एकूणच आयुष्य कुठलं बरं, शहरातलं की उपनगरातलं?

मी नगररचना आणि वाहतूक नियोजन या कामात सव्वीस वर्षं आहे. त्यातली बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या मोजण्यात आणि घरोघरी जाऊन ‘काल तुम्ही कुठे कुठे गेलात, किती वाजता निघालात, परत कधी आलात’ हे विचारण्यात गेली. त्यामुळे ‘शहर बरं की उपनगर’ हा प्रश्न ऐकला की माझं डोकं आपोआप दुसरीकडे वळतं. शहर काय किंवा उपनगर काय, तिथे अख्खं कोणीच राहत नाही. माणूस एका गल्लीत राहतो, एका थांब्यावरून गाडी पकडतो, दोन-तीन दुकानांत जातो, एका डॉक्टरकडे जातो. तेवढंच त्याचं गाव. तुमच्यापुढे दोन घरं आहेत आणि चार माणसं आहेत. प्रत्येक माणसाचा दिवस दोन्ही घरांतून कसा जाईल, हा खरा प्रश्न.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करतो. तुमच्यापैकी एकाला आठवड्यात तीन दिवस घरून काम करता येत असेल तर माझं अर्धं उत्तर बदलतं. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, त्यांना बाहेर पडायची सवय आणि हौस आहे का, यावरही बदलतं. ते घर रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे की गाडीने दहा मिनिटांवर, यावर तर फारच. तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून मी चालत दहा मिनिटं धरून चाललोय. म्हणजे तुमच्या बाजूने उदारपणे.

आता त्या ‘चाळीस मिनिटां’कडे येऊ. जाहिरातीतली चाळीस मिनिटं ही गाडी एका स्थानकावरून सुटून दुसऱ्या स्थानकात शिरेपर्यंतची असतात. तुम्ही मात्र स्थानकात राहत नाही. घराचं दार ओढून घेतल्यापासून कामाच्या जागी खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ मोजायचा. चालत दहा मिनिटं, फलाटावर थांबणं सहा-सात, गाडीत चाळीस, उतरून पुन्हा आठ-नऊ. झाली सहासष्ट. आणि तुलना करायची ती तुमच्या आजच्या पंचवीस मिनिटांशी, तीही दारापासून दारापर्यंतची आहेत ना हे तपासून.

याचा महिन्याचा हिशोब करून बघा. जाहिरात खरी मानली तर एका फेरीला पंधरा मिनिटं जास्त. दोन माणसं, जाऊन-येऊन दोन फेऱ्या, महिन्याला बावीस दिवस: २२ तास. दारापासून दारापर्यंत मोजलं तर एका फेरीला ४१ मिनिटं जास्त, आणि महिन्याला होतात ६० तास. हप्त्यात जे पैसे वाचणार आहेत त्यातून आधी दोघांच्या प्रवासाचा वाढीव खर्च वजा करा, दुसरं वाहन घ्यावं लागणार असेल तर त्याचाही. उरलेल्या रकमेला ६० ने भागा. जो आकडा येईल तो तुमच्या एका तासाचा दर. तो तुमच्या आजच्या तासाच्या कमाईशेजारी ठेवा आणि मग ठरवा. बहुतेक वेळा हा आकडा पाहून माणसं गप्प होतात. क्वचित एखादं कुटुंब म्हणतं, ‘तरीही परवडतंय’, आणि त्यांचं खरंच परवडत असतं.

लांबचं घर स्वस्त का असतं, याचं कारणही यातच आहे. विल्यम अलोन्सो या अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्ये हे नीट मांडलं: शहराच्या मध्यापासून दूर जावं तसा जागेचा भाव उतरतो, कारण तिथे राहणाऱ्याला प्रवासाचा खर्च आणि वेळ वेगळा मोजावा लागतो. म्हणजे स्वस्ताई ही विकणाऱ्याची मेहरबानी नाही. किमतीचा एक भाग तुम्ही पैशांत न देता रोज सकाळ-संध्याकाळ मिनिटांत भरता. सौदा बरोबरीचा असू शकतो, पण फुकट काही मिळत नाही एवढं लक्षात असू द्या.

आणि तो बरोबरीचा तरी असतो का? अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या हजारो लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापला. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात मोठं घर किंवा जास्त पगार मिळतो, तेव्हा समाधान सगळ्यांचं सारखं असायला हवं होतं. तसं दिसलं नाही; जास्त वेळ प्रवास करणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची एकेक गोष्ट आठवून ती करताना कसं वाटलं ते लिहायला सांगितलं, त्यात कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाशी होता. माझ्या घरोघरच्या भेटींत मला याचं जे कारण दिसलं ते असं: मोठ्या खोलीची सवय तीन महिन्यांत होते, मग ती दिसेनाशी होते. गाडी चुकण्याची सवय मात्र कोणाला होत नाही. ती दर वेळी नव्याने चुकते.

इथे एक गोष्ट फार लोक विसरतात, म्हणून जरा थांबतो. सगळे सरासरी विचारतात. ‘साधारण किती वेळ लागतो?’ आमच्या कामात आम्ही सरासरीवर फारसा विश्वास ठेवत नाही, वाईट दिवस मोजतो. समजा वीस दिवसांतले अठरा दिवस सहासष्ट मिनिटं लागली आणि दोन दिवस पंचाण्णव. सरासरी एकोणसत्तरच्या आत येते, छान दिसते. पण मुलीला पाळणाघरातून ठरल्या वेळेला घ्यायचं असेल, तर तुम्हाला रोज पंचाण्णव मिनिटं धरूनच निघावं लागतं. कुठला दिवस वाईट निघणार ते सकाळी कळत नाही ना. मग चांगल्या दिवशी तुम्ही अर्धा तास आधी पोचून दारात उभे, आणि वाईट दिवशी धापा टाकत. जवळच्या घराचा खरा फायदा इथे आहे. पंचवीस मिनिटांचा प्रवास बिघडला तर पस्तीस-चाळीस होतो, आणि अगदीच कोंडी झाली तर माणूस चालत निघतो. साठ मिनिटांचा बिघडला तर त्याला तळ नसतो.

म्हणून विचारताना असं विचारा: गाडी दर किती मिनिटांनी आहे, आणि रात्री नऊनंतर दर किती मिनिटांनी? दर पाच मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक बघायची गरजच नसते, चुकली तर चुकली. दर अर्ध्या तासाने असेल तर अख्खं घर त्या गाडीच्या तालावर नाचतं. साहेबांनी शेवटच्या क्षणी दहा मिनिटं थांबवलं की घरी पोचायला अर्धा तास उशीर. उपनगरात राहणाऱ्यांच्या संध्याकाळी अशाच जातात. मित्राकडे जेवायला थांबावं की नाही, नाटकाला जावं की नाही, हे परतीची गाडी ठरवते.

‘अहो, पण नवा मोठा रस्ता होतोय, मग वीस मिनिटांत पोचाल’ हेही तुम्हाला सांगितलं असेल. रस्ता होईलही. पण अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये लिहून ठेवलंय की गर्दीच्या वेळी शहरातल्या वेगवान रस्त्यावरची गर्दी तो रस्ता भरेपर्यंत वाढत जाते. आधी जे लोक वेळ बदलून, दुसऱ्या रस्त्याने किंवा रेल्वेने जात होते ते नव्या रस्त्यावर येतात, आणि रस्ता झाला म्हणून आणखी लांब घरं बांधली जातात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये, वाहतूक अभ्यासक याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाच्या आधारे, असं दाखवलं की माणसं दिवसाकाठी सरासरी तासभर प्रवासात घालवतात, आणि वाहन वेगवान झालं तर वेळ वाचवण्याऐवजी अंतर वाढवतात. पायी चालणाऱ्यांची जुनी शहरं साधारण पाच किलोमीटर व्यासाच्या आत राहिली, कारण तासाला पाच किलोमीटर वेगाने मध्यावर जाऊन परत यायला तेवढाच वेळ पुरतो. आगगाडी आली, शहर पसरलं. मोटार आली, आणखी पसरलं. तुमच्या दोघांची मिळून नव्या घरातली बेरीज रोजची सव्वाचार तासांच्या वर जाते, म्हणजे डोई दोन तासांहून जास्त. माणसं सर्वसाधारणपणे जिथे थांबतात त्याच्या दुप्पट. म्हणून नवा रस्ता आज सुरू असेल तर आजची वेळ मोजा, होणार असेल तर तो हिशोबात धरूच नका.

एवढं वाचून वाटेल की मी उपनगरांच्या विरोधात आहे. नाही हो. उपनगरांच्या जाती वेगवेगळ्या आहेत आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लावून लोक फसतात. लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, आणि पुढे त्याच कंपनीने स्वतःच्या मार्गालगतच्या जमिनींवर घरं बांधून विकली. त्या जातीच्या उपनगरात स्थानक मध्ये असतं, भोवती दुकानं, आणि घरं चालत जाण्याच्या अंतरात, कारण गाडीतून उतरलेल्या माणसाला पायीच घरी जायचं असायचं. दुसरी जात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनची. काही वर्षांत सुमारे १७,००० घरं, सगळी जवळपास एकसारखी, आणि प्रत्येक घराला मोटार असणार हे गृहीत. त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरं, दुकानं आणि कारखाने यांचे विभाग कायद्याने वेगळे ठेवायला मान्यता दिली होती. हेतू चांगला होता, कारखान्याचा धूर घरात येऊ नये. पण पुढे त्याच नियमाने कोपऱ्यावरचं किराणा दुकानही हद्दपार केलं. पहिल्या जातीच्या उपनगरात म्हातारं माणूस सुखाने राहतं. दुसऱ्या जातीत गाडी चालवता न येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी सवडीवर जगतो.

तुमचं घर कुठल्या जातीचं, ते ओळखायला नकाशाची गरज नाही. दारातून बाहेर पडा, दहा मिनिटं चाला, आणि वाटेत काय काय लागलं ते सांगा. औषधं, भाजी, बसायला बाक, दुसरी चालणारी माणसं असं काही लागलं का? की दहा मिनिटं नुसती कुंपणाची भिंत?

आता शांततेबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘इथल्या आवाजाला कंटाळलोय, तिथे किती शांत होतं.’ कधी गेला होतात? रविवारी सकाळी, असं मी पैजेवर सांगतो. घरं दाखवायची वेळच ती. आवाज हा शहराचा किंवा उपनगराचा गुण नसतो, तो रस्त्याचा गुण असतो, बऱ्याचदा तर खिडकीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी मर्यादा सुचवल्या: दिवस-रात्रीच्या सरासरीला (संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेल्या) ५३ डेसिबल, आणि रात्रीच्या झोपेसाठी ४५. शहरात एकाच इमारतीत हमरस्त्याकडची खोली या मर्यादेच्या खूप वर आणि मागच्या अंगणाकडची आत, असं मी स्वतः यंत्र धरून मोजलंय. उलट उपनगरातला जो रस्ता चार वस्त्यांची वाहतूक उचलतो, त्याच्या काठावरचं घर रात्री शहरातल्या गल्लीपेक्षा गोंगाटाचं असतं, कारण रिकाम्या रस्त्यावर गाड्या भरधाव जातात.

रस्त्याचा परिणाम झोपेवर थांबत नाही, शेजारावरही होतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अपलयार्ड यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांवर हे तपासलं. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. ‘तुमचं घर कुठपासून कुठपर्यंत’ असं विचारल्यावर पहिल्या रस्त्यावरची माणसं अख्खी गल्ली आपली मानायची, तिसऱ्यावरची आपल्या इमारतीपुरती. गंमत म्हणजे तिन्ही रस्ते एकाच शहरातले होते. मी तरुण असताना हे वाचलं आणि तेव्हापासून ‘शहरात शेजार नसतो’ हे वाक्य ऐकलं की विचारतो, कुठल्या रस्त्यावर?

हवेच्या बाबतीत मात्र उपनगराला गुण द्यावेच लागतात. दाट वस्तीत दगड, काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री ते सोडत बसतात. ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी हवामान अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या आत आणि बाहेर तापमापक ठेवून हे नोंदवलं होतं, आणि फरक रात्री जास्त पडतो हेही. झाडांची सावली आणि मोकळी माती याला पर्याय नाही. सासूबाईंना उकाड्याचा त्रास होत असेल किंवा मुलीला दमा असेल, तर माझ्या सगळ्या मिनिटांच्या हिशोबावर ही एक गोष्ट भारी पडू शकते.

आता सासूबाई. तुमच्या प्रश्नात त्या एका ओळीत आल्या आहेत आणि माझ्या मते अख्खा प्रश्न त्यांच्यापाशी आहे.

नव्या घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सात-साडेसात राहणार कोण? तुम्ही दोघं नाही. गच्ची, झाडं, चार खोल्या हे सगळं उपभोगणार त्या, आणि दुपारनंतर मुलगी. म्हणजे घर तुम्ही निवडताय आणि त्यात राहणार त्या. बसथांबा किती अंतरावर असावा याचं आमच्या कामातलं ढोबळ माप ४०० मीटर आहे. तुम्ही ते पाच-सहा मिनिटांत चालाल. वयस्कर माणूस सेकंदाला साधारण ०.८ मीटर वेगाने चालतं, त्याला आठ मिनिटांहून जास्त लागतात, आणि मध्ये बसायला जागा नसेल तर ते निघतच नाही. रस्ता ओलांडायचा सिग्नल बहुधा सेकंदाला १.२ मीटरच्या आसपासचा वेग धरून लावलेला असतो. पंधरा मीटर रुंद रस्ता ओलांडायला तुम्हाला साडेबारा सेकंद पुरतात, त्यांना जवळजवळ एकोणीस लागतात. दुभाजकावर एकदा अडकून पडल्या, गाड्या दोन्ही बाजूंनी गेल्या, की दुसऱ्या दिवसापासून ‘मला काही आणायचं नव्हतंच’ सुरू होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सोळा वर्षांपूर्वी आम्हीही अशाच एका नव्या वसाहतीत राहायला गेलो. व्यवसाय माझा हा, तरीही गेलो. मला स्वतंत्र अभ्यासिका हवी होती. आई सोबत होती. जुन्या घरी ती रोज दोनदा बाहेर पडायची, काही ना काही निमित्त काढून, आणि परत येताना कोणाचं काय चाललंय ते घेऊन यायची. नव्या घरी कोपऱ्यावर दुकान नव्हतं, समोर सहापदरी रस्ता होता. तिने तक्रार केली नाही. आठ महिन्यांनी एकदा सहज कपाट उघडलं तर तिच्या बाहेरच्या चपला डब्यात घालून ठेवलेल्या, वर कागद गुंडाळून. अभ्यासिकेत तोवर इस्त्रीचे कपडे आणि रिकामे खोके साठले होते, कारण घरी पोचल्यावर अभ्यास करायला अंगात त्राण नसायचं. दीड वर्षाने आम्ही तिथून निघालो. शहरात नाही परतलो, एका जुन्या उपनगरात, स्थानकाजवळ, एक खोली कमी असलेल्या घरात गेलो. अजून तिथेच आहे.

मुलीचंही बघू. चार वर्षांच्या मुलीला गच्ची आणि अंगण उत्तम. त्याबद्दल वादच नाही. या वयात मुलाला आपण नेऊ तिथेच ते जातं, त्यामुळे जवळ मोकळी जागा असणं मोलाचं. पण तुम्ही हप्ते पंधरा-वीस वर्षांचे घेताय. ती नऊ वर्षांनी तेरा वर्षांची होईल. तेव्हा तिला अंगण नको असेल. मैत्रिणीकडे, वाचनालयात, पोहायला, गाण्याच्या शिकवणीला तुम्हाला न विचारता जायचं असेल. जिथे बस आहे आणि रस्त्यावर माणसं आहेत तिथे ती जाईल. जिथे नाही तिथे तुमच्यापैकी एक जण तिचा चालक होईल, शनिवार-रविवारसकट, आणि घरोघरच्या नोंदींत मी पाहिलंय की हे काम बहुधा आईच्या गळ्यात पडतं. पुरुष प्रश्नावलीत ‘कामावर गेलो, परत आलो’ अशा दोन ओळी लिहितात. त्याच घरातली बाई सात ओळी लिहिते: शाळा, काम, शाळा, औषधं, घर, शिकवणी, घर. घर लांब गेलं की पुरुषाच्या दोन ओळी लांबतात, बाईच्या सातही.

आणखी एक. मुलीला दुपारी ताप आला आणि शाळेतून फोन आला, तर आज तुमच्यापैकी कोणीही पंचवीस-तीस मिनिटांत पोचतं. तिथून दोघंही तासाभरापेक्षा लांब असाल. हे वर्षातून पाच-सहा वेळा होतं. तेव्हा कोण निघणार हे आत्ता बोलून ठेवा, कारण नाही बोललात तरी ते आपोआप ठरतं, आणि ज्याच्यावर पडतं त्याची नोकरी हळूहळू मागे पडते.

तर मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? ते घर या घडीला विकत घेतलं नसतं. नुसत्या वेळेचं असतं तर अजून विचार केला असता. दिवसाचे दोन सव्वादोन तास दोघांचेही प्रवासात जाणार आणि घरात मागे एक म्हातारं आणि एक लहान, ही रचना मला फार नाजूक वाटते. एखादा माणूस आजारी पडला की कोसळते. तुमच्यापैकी एकाचं काम त्याच उपनगरात किंवा घरून असतं तर मात्र मी लगेच हो म्हटलं असतं, कारण मग दिवसा घरात किंवा जवळपास धावून येणारं कोणी तरी असतं, आणि वाढीव साठ तासांचे तीसच उरतात.

तुमची खरी अडचण मात्र मला मान्य आहे. चार माणसं दोन खोल्यांत फार दिवस राहू शकत नाहीत, मुलगी मोठी होतेय. तेव्हा दोन रस्ते सुचवतो. एक, शहरातच आतल्या गल्लीत, हमरस्त्यापासून दोन वळणं आत, तीन खोल्यांचं घर शोधा. तुमचा आवाजाचा अर्धा त्रास तिथेच संपेल. दोन, उपनगर हवंच असेल तर जुनं, स्थानकाभोवती वाढलेलं उपनगर बघा, आणि चार खोल्यांचा हट्ट सोडून तीन घ्या. चौथी खोली कशासाठी हवीय असं विचारलं तर नव्वद टक्के लोक ‘पाहुणे आले तर’ म्हणतात. (हा टक्का माझ्या मनाचा आहे, मोजलेला नाही, पण फार चुकलाय असं वाटत नाही.) पाहुणे वर्षातून किती रात्री राहतात ते मोजा. आणि लांबच्या घराला पाहुणे आणखी कमी येतात.

तरीही मन त्या गच्चीवरच अडकलं असेल, तर विकत घेण्याआधी त्याच वसाहतीत वर्षभर भाड्याने राहून बघा. स्थलांतराचा त्रास दोनदा होईल, मान्य आहे, पण चुकलेलं घर विकण्यापेक्षा तो पुष्कळ कमी. तेही जमत नसेल तर निदान एक मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार काढा. आम्ही गाड्या मोजायलाही हेच वार धरतो, सोमवार-शुक्रवार फसवे असतात. सकाळी तुम्ही नेहमी निघता त्या वेळेला त्या घराच्या दारात उभे राहा, तिथून दोघंही आपापल्या कामावर जा, आणि संध्याकाळी तिथेच परत या. घड्याळ दारापाशी सुरू करा, दारापाशी बंद करा.

त्याच दिवशी सासूबाईंनाही तिथे घेऊन जा. त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या, जवळच्या दुकानातून त्यांचीच औषधं आणायची, आणि तुमच्यापैकी कोणीही सोबत जाऊ नका. परत आल्यावर त्यांना ‘घर कसं वाटलं’ असं विचारू नका, त्या छानच म्हणतील. वाटेत कोण भेटलं ते विचारा.